शेजारी विहार, पलीकडे चर्च : बौद्ध धम्माशी आपल्या श्रद्धेची तुलना कशी करावी

मुंबईतल्या मराठी ख्रिस्ती माणसाला बौद्ध धम्म आधी पुस्तकात भेटत नाही. ऑफिसातल्या ‘जय भीम’मध्ये भेटतो, सोसायटीतल्या पंचरंगी झेंड्यात भेटतो, आणि पुष्कळदा घरातच भेटतो. नगर-जालन्याकडून मुंबईत आलेल्या कितीतरी कुटुंबांत एक चुलता चर्चला जातो आणि दुसरा विहारात. त्यामुळे तुलना होतच असते : लग्नाच्या पंगतीत, मयताला गेल्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर. ती बहुतेक वेळा वाईट होते, कारण दोन्ही बाजूंना समोरच्याचं काहीच वाचलेलं नसतं.

पुढची पद्धत पॅरिशमधल्या बायबल-गटासाठी, युवा संघासाठी किंवा तीन-चार मित्रांसाठी आहे. ती ख्रिस्ती श्रद्धेतून लिहिलेली आहे. येशू ख्रिस्त प्रभू आहे आणि तो मेलेल्यांतून उठला, हे गृहीत धरूनच पुढे जायचं आहे, तटस्थतेचं नाटक करायचं नाही. मात्र निर्गम २०:१६ पहिल्या बैठकीला सगळ्यांनी मोठ्याने वाचावं : शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको. कॅथलिक मोजणीत ही आठवी आज्ञा, बहुतेक प्रोटेस्टंटांच्या मोजणीत नववी. क्रमांकावरून वाद झाला तरी आज्ञा दोघांनाही बांधते. कामापुरता तिचा अर्थ असा : बौद्ध धम्माविषयी तुम्ही वहीत जे वाक्य लिहाल, ते वाचून एखाद्या बौद्ध माणसाने “हो, आम्ही असंच मानतो” म्हटलं पाहिजे. त्याने मान हलवली नाही तर वाक्य खोडायचं.

आधी ठरवा : कोणाचा धम्म, कोणाचं ख्रिस्तीपण?

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. मुंबईत बौद्ध धम्माची किमान चार रूपं हाताच्या अंतरावर आहेत. चैत्यभूमीचा, म्हणजे डॉ. आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेला धम्म. गोराईच्या ग्लोबल पॅगोडातली विपश्यना, जी म्यानमारच्या थेरवादी (पाली ग्रंथांवर चालणाऱ्या) परंपरेतून सत्यनारायण गोयंकांनी आणली. वरळीचं जपानी मंदिर, जिथे सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या नावाचा जप ढोलाच्या ठेक्यावर चालतो. आणि कान्हेरीच्या दगडात कोरलेला, आज भिक्खू नसलेला महायान, म्हणजे बोधिसत्त्वांचा धावा करणारी परंपरा.

सुरुवात पहिल्यापासून करा. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ८४ लाख बौद्ध होते आणि त्यांतले ६५ लाखांहून अधिक एकट्या महाराष्ट्रात. तुमचा शेजारी त्यांच्यातला आहे, तिबेटी नाही. इंग्रजीतलं झेनवरचं पुस्तक वाचून आलेला आपला उत्साही तरुण त्याला विचारतो, “दलाई लामांचं काय म्हणणं आहे?” शेजाऱ्याला त्याचं काही सोयरसुतक नसतं.

बाबासाहेबांच्या मांडणीतल्या चार गोष्टी गटातल्या प्रत्येकाला ठाऊक असाव्यात. एक, आत्मा नाही आणि आत्म्याचा पुनर्जन्मही नाही. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी हलकी जात मिळते, हे तर साफ नाकारलेलं आहे. दोन, ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी चार आर्यसत्यांवरच (दुःख, त्याचं कारण, त्याचा अंत आणि त्या अंताची वाट) शंका घेतली आहे. ती बुद्धाची मूळ शिकवण आहे की भिक्खूंनी नंतर घातलेली भर, असा त्यांचा प्रश्न आहे. तीन, सिद्धार्थाने घर सोडलं ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नाही. शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या रोहिणी नदीच्या पाण्याच्या भांडणातून त्याला गृहत्याग करावा लागला. चार, दुःखाचा मोठा भाग माणसानेच माणसाला दिलेला असतो. नागपूरच्या बावीस प्रतिज्ञाही एकदा वाचून घ्या. पाचवी प्रतिज्ञा बुद्धाला विष्णूचा अवतार मानायला नकार देते. सलोखा दाखवायला म्हणून कोणी “तुमचा बुद्ध म्हणजे नववा अवतारच ना” असं बोलून गेला, तर त्या घरातलं संभाषण तिथेच संपलं समजा.

आपल्या बाजूलाही हाच प्रश्न आहे. शेजाऱ्याच्या नजरेत माउंट मेरीची जत्रा, माहीमचा बुधवारचा नोव्हेना आणि मैदानातली पेन्टेकोस्टल आरोग्यसभा हे सगळं एकच. म्हणून प्रेषितांचा विश्वासांगीकार पायाभूत धरा. तो कॅथलिकांना आणि बहुतेक प्रोटेस्टंट मंडळ्यांना मान्य आहे आणि एका पानात मावतो. त्याच्या बाहेरचं काही मांडायचं असेल तर ‘आमच्या मंडळीत असं मानतात’ हे आधी सांगायचं.

टेबलावर काय असावं

मराठी बायबल. धम्मपदाची अशी प्रत जिच्यात मूळ पाली आणि मराठी अर्थ शेजारी-शेजारी आहेत (एकूण ४२३ गाथा, २६ वर्ग, दोन-तीन संध्याकाळींत वाचून होतं). बाबासाहेबांच्या ग्रंथाचा मराठी अनुवाद. विहारात वापरतात ती बुद्धवंदनेची पातळ पुस्तिका. बस, एवढंच. बायबल सोडून बाकीचं ६ डिसेंबरच्या, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाण दिनाच्या, आसपास शिवाजी पार्कवरच्या पुस्तकांच्या स्टॉलवर सहज मिळतं, आणि तिथे जाऊन घेतलेलं बरं. कोणती प्रत विहारात खरोखर वाचली जाते ते विक्रेताच सांगतो.

फोनवर आलेली सुविचारांची चित्रं टेबलावर चालणार नाहीत. बुद्धाच्या नावावर फिरणाऱ्या इंग्रजी वचनांतली कित्येक पाली साहित्यात कुठेच सापडत नाहीत. नियम एकच ठेवा : गाथेचा किंवा सुत्ताचा (बुद्धाच्या प्रवचनाचा) क्रमांक नसेल तर वचन नाही, आणि अध्याय-ओवी नसेल तर येशूचंही नाही.

वहीत चार रकाने आखा : प्रश्न, त्यांचा उतारा, आपला उतारा, आणि चौथ्यात ‘कुठे जुळतं, कुठे फाटतं’. पहिला रकाना सगळ्यात अवघड. प्रश्न असा हवा की दोन्ही बाजूंना त्याचं उत्तर देता यावं. “तुमचा देव कोण?” हा आपल्या घरचा प्रश्न आहे. बौद्ध माणूस त्यावर “कोणी नाही” म्हणतो, रकाना रिकामा राहतो, आणि आपल्याला उगाच जिंकल्यासारखं वाटतं. त्याऐवजी विचारा : माणसाचं मूळ दुखणं काय? ते बरं कोण करतं? शत्रूशी कसं वागावं? मेल्यावर काय? प्रत्येक प्रश्नाला एक बैठक, एक सुरुवातीची आणि एक शेवटची, म्हणजे सहा होतात. सहा ते दहा माणसं, दीड तास, दोन्हीकडचे मिळून दोन किंवा फार तर तीन उतारे. पहिली वीस मिनिटं फक्त त्यांचा उतारा वाचायचा आणि “यात काय म्हटलंय?” एवढंच बोलायचं. “पण बायबल म्हणतं…” हे वाक्य त्या वीस मिनिटांत बंद. गट चालवणाऱ्याने इथे खरंच कडक राहावं, नाहीतर दहाव्या मिनिटाला प्रवचन सुरू होतं.

दुःखाची बैठक, जरा सविस्तर

नमुना म्हणून हीच घेऊ, कारण ती चांगली जमते आणि बिघडतेही लवकर.

योहान ९:१-३. जन्मांध माणूस दिसतो आणि शिष्य विचारतात : पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू दोन्ही पर्याय नाकारतो. त्याच्या जोडीला संयुत्त निकाय या पाली सुत्तांच्या संग्रहातलं सीवक सुत्त (३६.२१). मोलियसीवक नावाचा परिव्राजक, म्हणजे भटका संन्यासी, बुद्धाला विचारतो : माणसाला जे जे सुखदुःख होतं ते सगळं पूर्वकर्मानेच होतं, असं काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, तुमचं काय म्हणणं? बुद्ध आठ कारणं मोजतो : पित्त, कफ, वात, तिघांचा एकत्र बिघाड, ऋतुबदल, शरीराची हेळसांड, बाहेरून झालेला आघात, आणि आठवं कर्मविपाक, म्हणजे केलेल्या कर्माचं फळ. सगळंच पूर्वकर्माचं म्हणणारे प्रत्यक्ष अनुभवाच्या आणि लोकांत सत्य मानलेल्या गोष्टींच्या पलीकडे जातात, असं तो म्हणतो.

हे दोन उतारे शेजारी ठेवले की गटातला आवडता समज पहिल्या पंधरा मिनिटांत पडतो. तो समज असा : बौद्ध लोक दुःखाचं खापर दुःखी माणसाच्या कर्मावर फोडतात, आपण फोडत नाही. पाली साहित्यात सरसकट तसं नाही, आणि आंबेडकरी धम्मात तर पूर्वजन्मीच्या कर्माला जागाच नाही. उलट आपल्याकडे “कुठलं तरी पाप नडलं असेल” असं आजाऱ्याच्या उशाशी बसून बोलणारे थोडे नाहीत. ही नोंद चौथ्या रकान्यात ‘जुळतं’ खाली जाते.

आता फाटतं कुठे? सीवक सुत्तात बुद्ध वैद्यासारखा कारणं वेगळी करतो, आणि कारण कळलं की त्यापुढची वाट माणसाने चालायची. योहानात येशू कारण सांगतच नाही. ‘देवाची कार्यं याच्या ठायी प्रकट व्हावीत’ असं म्हणून तो जमिनीवर थुंकतो, चिखल करतो, आंधळ्याच्या डोळ्यांना लावतो आणि त्याला शिलोहाच्या तळ्यावर धुवायला पाठवतो. दुःखाचं स्पष्टीकरण मिळत नाही, दुःखात हात घालणारा माणूस मिळतो. तोच पुढे क्रुसावर स्वतः दुःख भोगतो. आपल्या श्रद्धेचा मुद्दा इथे आहे आणि तो नेमकेपणाने लिहावा : दुःखाचं मूळ तृष्णेत आहे की पापात, एवढ्यावर हा फरक संपत नाही. देव स्वतः दुःखात उतरला की नाही, हा खरा फाटा आहे.

एक सावधगिरी. “म्हणजे बौद्ध धम्म निराशावादी” हे वाक्य कोणीतरी टाकतोच. बाबासाहेबांनाही नेमकी हीच टीका खटकली होती आणि आर्यसत्यांवरच्या त्यांच्या शंकेमागे तेही एक कारण आहे. दुःख आहे म्हणणं जसं निराशा नाही, तसं ‘सर्वांनी पाप केलं आहे’ (रोम ३:२३) म्हणणंही निराशा नाही. निदान करणाऱ्या दोघांनाही एकच माप लावा.

मार्गदाता आणि तारणारा

सहा बैठकींतली एकच करायला वेळ असेल तर ही करा.

धम्मपद २७६ : “तुम्हेहि किच्चमातप्पं, अक्खातारो तथागता.” प्रयत्न तुम्हीच करायचा, तथागत फक्त सांगणारे. बाबासाहेबांनी हेच आणखी धारदार केलं. बुद्धाने स्वतःला मार्गदाता म्हटलं, मोक्षदाता म्हटलं नाही, आणि आपल्याच धम्मात स्वतःसाठी खास जागा ठेवली नाही, असं ते लिहितात, आणि तिथेच येशूने स्वतःला देवाचा पुत्र म्हणवून घेतल्याचा उल्लेख करतात. म्हणजे तुलना त्यांनी आधीच करून ठेवली आहे, आणि आपण कोणत्या बाजूला आहोत हेही बरोबर ओळखलं आहे.

यावर ख्रिस्ती गटात दोन पळवाटा निघतात. पहिली : “येशूही मार्गच दाखवतो, डोंगरावरचं प्रवचन वाचा ना.” हे अर्धंच. योहान १४:६ मध्ये तो ‘मी मार्ग दाखवतो’ म्हणत नाही, ‘मीच मार्ग आहे’ म्हणतो. आणि १ करिंथ १५:१७ मध्ये पौल सरळ लिहितो की ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास फुकट. बुद्ध ऐतिहासिक नव्हता असं उद्या कोणी सिद्ध केलं, तरी बुद्धाच्या अष्टांगिक मार्गावर चालता येतंच. येशूचं थडगं भरलेलं निघालं तर आपल्याला दुकान बंद करावं लागेल. हा फरक लपवून मैत्री होत नाही.

दुसरी पळवाट उलटी : “ते स्वतःच्या कर्तृत्वावर तरू पाहतात, म्हणजे अहंकारी.” ही खोटी साक्ष. ज्या समाजाला शतकानुशतकं ‘तुझी सुटका दुसऱ्याच्या हातात’ हेच ऐकवलं गेलं, त्या समाजाने ‘अत्ता हि अत्तनो नाथो’ (आपणच आपला स्वामी, धम्मपद १६०) छातीशी धरणं हा अहंकार नाही. इफिस २:८-९ ची कृपा अशा माणसापुढे मांडताना ती वरच्या जातीच्या दयेसारखी ऐकू जाते का, हे आधी स्वतःला विचारा. कृपा देणारा फिलिप्पै २:६-८ मध्ये स्वतःला रिकामं करून दास होतो, हे आधी सांगितलं तर ऐकणारा निदान ऐकतो.

पण ‘बौद्ध धम्मात वाचवणारा कोणी नाही’ हे वाक्यही सरसकट लिहू नका. कान्हेरीच्या ९० क्रमांकाच्या लेण्यात अवलोकितेश्वर या करुणेच्या बोधिसत्त्वाचा पट आहे : मधे बोधिसत्त्व, दोन्ही बाजूंना संकटांत सापडलेली माणसं, आणि त्यांनी केलेला धावा. समुद्रमार्गाने व्यापार करणाऱ्या उपासकांना या अभयाची गरज होती. नवयानात, म्हणजे बाबासाहेबांच्या धम्मात, हे नाही, थेरवादात असं नाही, महायानात भरपूर आहे. कोणाचा धम्म हे आधी ठरवायचं ते यासाठीच. (उद्यान सोमवारी बंद असतं. ४१ क्रमांकाच्या लेण्यातला अकरा मुखांचा अवलोकितेश्वरही पाहून या, वर चढावं लागतं.)

गटाला गोष्टी आवडत असतील तर लूक १५ आणि सद्धर्मपुंडरीक सूत्राचा चौथा अध्याय एकत्र वाचा. दोन्हीकडे घर सोडून गेलेला मुलगा आणि वाट पाहणारा श्रीमंत बाप. पुंडरीकातला मुलगा पन्नास वर्षं भटकतो आणि परत येतो तेव्हा बापाला ओळखतही नाही. बापाने धाडलेल्या माणसांनी धरताच तो घाबरतो, म्हणून बाप त्याला सोडून देतो, मग शेण-कचरा काढायच्या कामावर ठेवतो, वीस वर्षं हळूहळू वर आणतो आणि मरणाच्या आधी सांगतो की हा माझा मुलगा. लूकमधला बाप दुरूनच पाहून धावत सुटतो, मुलाचं पाठ केलेलं भाषणही पुरं होऊ देत नाही. पहिल्या गोष्टीतली धीराची करुणा कमी लेखू नका. शिकणाऱ्याच्या कुवतीप्रमाणे शिकवणं हा त्या सूत्राचा गाभा आहे. दुसरीत मात्र कुवतीचा प्रश्नच येत नाही.

शत्रू आणि मृत्यू

शत्रूची बैठक सोपी आहे. धम्मपद ५ (वैराने वैर शमत नाही, अवैराने शमतं) आणि मत्तय ५:४४, सोबत रोम १२:२०-२१. जुळणी इतकी स्पष्ट आहे की अर्ध्या तासात संपते. उरलेल्या वेळात एकच प्रश्न घ्या : हे करायचं बळ कुठून येतं? मैत्री-भावना या ध्यानात माणूस आधी स्वतःबद्दल, मग प्रियजन, मग तिऱ्हाईत, मग वैरी अशा क्रमाने मन मोकळं करत जातो. १ योहान ४:१९ म्हणतं, आपण प्रेम करतो कारण त्याने आधी केलं. आणि मैत्री, करुणा, मुदिता, उपेक्षा या चार ब्रह्मविहारांतली (मनाच्या चार उदात्त भावनांतली) चौथी उपेक्षा म्हणजे दुर्लक्ष नव्हे, मनाचा समतोल. मराठीत तो शब्द घसरला आहे, धम्मात नाही.

मृत्यूच्या बैठकीत ‘आत्मा नाही तर पुनर्जन्म कोणाचा?’ हा प्रश्न हुकमी एक्का म्हणून काढू नका. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात भिक्खू नागसेनाने मिलिंद राजाला दोन हजार वर्षांपूर्वी उत्तर दिलं आहे : एका दिव्याने दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून दुसऱ्यात काय गेलं? आणि आंबेडकरी शेजाऱ्याला हा प्रश्न लागूच होत नाही. आपल्या बाजूनेही एक दुरुस्ती हवी. ‘शरीर मरतं, आत्मा अमर’ एवढ्यावर थांबणारी ख्रिस्ती शिकवण अपुरी आहे. विश्वासांगीकारात ‘देहाचं पुनरुत्थान’ आहे. इब्री ९:२७ प्रमाणे मरण एकदाच, आणि मग न्याय. म्हणून तुलना ‘अमर आत्मा विरुद्ध अनात्म’ अशी न मांडता ‘निर्वाण विरुद्ध पुनरुत्थान’ अशी मांडा. निर्वाण म्हणजे नाश असं लिहू नका. विझतं ते राग (पालीत याचा अर्थ आसक्ती), द्वेष, मोह.

विहारात जाताना

एखाद्या रविवारी सकाळी विहारात वंदना कधी असते ते ओळखीच्या माणसाला विचारून, त्याच्यासोबतच जा. वर्षावास, म्हणजे आषाढ पौर्णिमा ते आश्विन पौर्णिमा, हा उत्तम काळ. त्या तीन महिन्यांत बऱ्याच विहारांत बाबासाहेबांच्या ग्रंथाचं वाचन चालतं आणि नवख्याला मागे बसून ऐकता येतं. चपला बाहेर, शक्यतो पांढरे साधे कपडे, बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या प्रतिमेकडे पाय करून बसू नये. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर अभ्यासाला म्हणून जाऊ नका. लाखो माणसं दुःख घेऊन आलेली असतात. पुस्तकं घ्या, रांगेतल्यांना पाणी द्या, निघा.

त्रिसरण सुरू झालं की ‘बुद्धं सरणं गच्छामि’ म्हणायचं का? ख्रिस्ती माणसाने म्हणू नये. ते स्वागतगीत नाही, शरण जाण्याचा उच्चार आहे, आणि न मानता म्हणणं हा त्यांचाही अपमान आहे. आदराने उभं राहा, गप्प राहा. कोणालाही वाईट वाटत नाही. आपल्याकडे मिस्सेला आलेला बौद्ध मित्र ख्रिस्तशरीर घ्यायला पुढे येत नाही, तसंच हे. पंचशील मात्र लक्ष देऊन ऐका. ‘वेरमणी सिक्खापदं समादियामि’ म्हणजे अमुक गोष्टीपासून दूर राहण्याची शिकवण मी स्वतःहून घेतो. दहा आज्ञांची सुरुवात ‘मी तुझा देव परमेश्वर’ (निर्गम २०:२) अशी आहे. इकडे आज्ञा देणारा आहे, तिकडे व्रत घेणारा.

फुलं वाहतानाची गाथा चुकवू नका. ‘पुप्फं मिलायति यथा इदं मे, कायो तथा याति विनासभावं’ : हे फूल जसं कोमेजतं तशी माझी कायाही विनाशाकडे जाते. राखेच्या बुधवारी कपाळाला राख लावताना आपण जे ऐकतो (उत्पत्ती ३:१९), त्याच्या इतक्या जवळचं दुसरं काही सापडणार नाही. मेणबत्तीने मात्र फसू नका. माउंट मेरीला मेणाचा हात किंवा मेणाचं घर वाहणारा मरियेच्या मध्यस्थीने काहीतरी मागतो आहे. विहारातली मेणबत्ती मागत नाही, आठवण करते.

विपश्यनेला जावं का?

हा प्रश्न दर गटात येतो, आणि “ती तर नुसती मन शांत करायची पद्धत” हे उत्तर पुरत नाही. दहा दिवसांच्या शिबिरात पहाटे चारला उठणं, दिवसाला सुमारे दहा तास ध्यान आणि दहाव्या दिवसाच्या सकाळपर्यंत आर्य मौन, म्हणजे एकमेकांशी बोलणं-खुणा सगळं बंद, असतं. दोन गोष्टी ख्रिस्ती माणसाने नाव नोंदवण्याआधी वाचाव्यात. सुरुवातीला त्रिसरण घ्यावं लागतं, मग ते गुणांना शरण जाणं आहे अशी फोड केलेली असली तरी. आणि शिबिराच्या काळात प्रार्थना, जपमाळ, उपवास सगळं थांबवायला सांगतात. दहा दिवसांत किमान एक रविवार येतोच, म्हणजे कॅथलिक माणसाची रविवारची मिस्सा चुकते. नियम लपवलेले नाहीत. आपणच न वाचता जातो, आणि मग तिसऱ्या दिवशी गुपचूप रोझरी म्हणत बसतो. ना धड हे, ना धड ते. आधी आपल्या फादरांशी किंवा पाळकांशी बोला. १५ ऑक्टोबर १९८९च्या व्हॅटिकनच्या ध्यानविषयक पत्राची भूमिका अशी की इतर परंपरांतल्या पद्धतींतलं उपयोगी ते घेता येतं, पण ख्रिस्ती प्रार्थना म्हणजे देवाशी बोलणं आहे हे झाकलं जाता कामा नये. गोराईला जाऊन थोडा वेळ श्वासावर लक्ष ठेवून बसायला यातली कोणतीच अडचण येत नाही.

गटात हमखास निघणाऱ्या तीन गोष्टी

“येशू तरुणपणी भारतात येऊन बौद्ध मठात शिकला.” हे निकोलाय नोटोविच या रशियन लेखकाने १८९४ साली लडाखच्या हेमिस मठाच्या नावावर खपवलं. पुढच्याच वर्षी आग्र्याचे प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले, तेव्हा मठाच्या प्रमुख लामांनी असं कोणतंही पोथीप्रकरण झालंच नसल्याचं सांगितलं. विषय संपला. गंमत म्हणजे प्रवास उलट दिशेने खरोखर झाला आहे. मध्ययुगीन चर्चने आदराने वाचलेली संत योसाफातची कथा ही मुळात सिद्धार्थाचीच कथा, ‘बोधिसत्त्व’ हे नाव भाषा बदलत बदलत योसाफात झालं. पोर्तुगीज इतिहासकार दियोगो दो कोउतो याला तर साष्टीतल्या एका म्हाताऱ्याकडून कळलं की कान्हेरीचं लेणं योसाफातच्या बापाने बांधवलं. बुद्ध नकळत आपल्या संतांच्या यादीत बसला होता. हे सांगितलं की दोन्ही बाजू हसतात, आणि हसल्यावर पुढचं बोलणं सोपं जातं.

“सगळे धर्म शेवटी एकच.” २८ ऑक्टोबर १९६५च्या ‘नोस्त्रा एताते’चा, म्हणजे इतर धर्मांविषयीच्या कॅथलिक चर्चच्या जाहीरनाम्याचा, आधार घेऊन हे म्हटलं जातं. त्यात इतकंच आहे की या धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही. त्याच परिच्छेदात ख्रिस्ताची घोषणा करत राहण्याचं कर्तव्यही सांगितलं आहे. दोन्ही वाक्यं एकत्र वाचा.

तिसरी गोष्ट जात. समोरून प्रश्न येणारच : “चर्चमध्ये जात गेली का?” बाबासाहेबांनी ख्रिस्ती होण्याचा पर्याय तपासला होता आणि धर्मांतरित ख्रिस्ती समाजातल्या जातिभेदावर स्पष्ट लिहिलं आहे. ते त्यांच्या समग्र लेखनाच्या इंग्रजी पाचव्या खंडात आहे. गटाने ते त्यांच्या तोंडून ऐकण्याआधी स्वतः वाचावं. १९५०च्या राष्ट्रपती आदेशाखालच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९०मध्ये बौद्धांना मिळाल्या, दलित ख्रिस्तींना अजून नाहीत. हा अन्याय खरा आहे, पण जातीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून तो पुढे करू नका. विचारलेलं असतं आपल्या लग्नांबद्दल आणि आपल्या दफनभूमीबद्दल.

शेवटची बैठक

सहाव्या बैठकीला वहीतला फक्त दुसरा रकाना स्वच्छ लिहून एका बौद्ध मित्राला द्या आणि लाल पेनने दुरुस्त करायला सांगा. सगळ्यांसमोर परीक्षा घेतल्यासारखं नको, आधी दोन-तीन दिवस वाचायला द्या. तो बहुधा दोन ठिकाणी अडवतो : ‘बुद्धाची पूजा’ आणि ‘मोक्ष’. मग त्याला तिसरा रकाना दाखवा आणि त्यात काय कळलं नाही ते विचारा. ‘त्रैक्य’ कळलं नाही म्हणाला तर निराश होऊ नका, गटातल्या कोणालाही ते एका वाक्यात सांगता येतं का ते पाहा. ही बैठक धर्मांतराची संधी नाही. तसा वास जरी आला तरी तो पुन्हा येणार नाही, आणि १ पेत्र ३:१५-१६ आशेचं कारण सांगायला सांगतं ते सौम्यतेने आणि आदराने.

खाण्याचं काय? मांस चालतं का ते विचारून घ्या, घरोघरी वेगळं असतं. बैठक नाताळच्या दिवसांत पडली तर केक नक्की आणा, पण रममध्ये मुरवलेल्या सुक्या मेव्याचा नको. पाचवं शील सुरा-मेरय-मद्यापासून दूर राहण्याचं आहे. बेकरीत ‘विदाउट रम’ मागितला की मिळतो, आणि डब्यावर तसं लिहून घ्या.